पाणी नेमकं कुठं मुरतंय?

'कुठंतरी पाणी मुरतंय' असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा विषय पाण्याचा नसतोच. बॉस अचानक गोड बोलायला लागतो, एचआरवाले विनाकारण पिझ्झा मागवतात, रूममेट न सांगता भांडी घासते... की आपण लगेच ओळखतो, कुठंतरी पाणी मुरतंय! पण ज्या दिवशी ते खरंच मुरायला लागतं, तुमच्याच किचनच्या भिंतीत, त्या दिवशी हा वाक्प्रचार पहिल्यांदा वापरणाऱ्या माणसाविषयी एकदम आदर वाटायला लागतो. कारण मुरणारं पाणी दिसत नाही. दिसतो तो त्याचा डाग. आणि डाग दिसतो तिथंच पाणी मुरत असेल, असं अजिबात नाही.

तर दोस्तहो, या आठवड्याचा विषय आहे 'ओल'. ग्लॅमर शून्य, मान्य आहे. पण ज्यांचा होमलोनचा हप्ता चालू आहे आणि ज्यांचं डिपॉझिट घरमालकाकडे अडकलंय, अशा दोन्ही पार्ट्यांसाठी हा विषय खिशाशी थेट जोडलेला आहे. आणि कधी कधी खिशापेक्षाही जास्त काहीतरी पणाला लागतं. कसं ते सांगते.

'वरून येतंय!'

प्रत्येक सोसायटीत ओलीचं एकच निदान असतं, 'वरून येतंय'. डॉक्टर जसे 'व्हायरल आहे' म्हणतात ना, अगदी तसंच. सांगायला सोपं, ऐकणाऱ्याचंही समाधान.

आमची बिल्डिंग कोथरूडमधली, ऐंशीच्या दशकातली. मी आणि माझी मैत्रीण पहिल्या मजल्यावर भाड्याने राहतो. आमच्या किचनच्या मागच्या बाजूला बेडरूम आहे. त्या भिंतीला कमरेच्या उंचीवर पेंटचे फुगे आले, मग पापुद्रे सुटले, मग पिठासारखी पांढरी पावडर पडायला लागली. ही पावडर म्हणजे बुरशी नव्हे, बरं का. विटेतले आणि सिमेंटमधले क्षार पाण्यात विरघळून भिंतीच्या पृष्ठभागावर येतात, पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. जुने लोक त्याला लोणा म्हणतात. इकडे किचनमध्ये ट्रॉलीचं प्लायवूड खालून फुगलं होतं.

सेक्रेटरी काका आले. भिंतीकडे एकदा, छताकडे दोनदा बघितलं. छताच्या कोपऱ्यात एक तपकिरी गोल होता. झालं! 'वरून येतंय.' वर राहतात काकू. सत्तरी पार केलेल्या, एकट्या. त्यांनी नुकतंच सिंक बदललं होतं, त्यामुळे पुराव्यालाही तोटा नव्हता. संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर 'संबंधित सभासदांनी स्वखर्चाने' वगैरे मेसेज पडला. म्हणजे काय, तर काकूंच्या सिंकखालची फरशी फोडायची, पाइप बदलायचे, वॉटरप्रूफिंग करायचं आणि बिल काकूंच्या नावावर.

दुसऱ्या दिवशी काकू जिना उतरून आमच्याकडे आल्या. हातात पोह्यांची डिश. 'माझ्यामुळे तुमचं घर भिजतंय का गं?' असं विचारलं त्यांनी. आणि मग कळलं की कालपासून त्या सिंक वापरतच नाहीयेत, भांडी बाथरूममध्ये बादलीत घासताहेत. गुडघेदुखी असलेली बाई, बाथरूममध्ये खाली बसून!

मी सेक्रेटरी काकांना एवढंच म्हटलं, फरशी आठवडाभराने फोडा. भिंत काही पळून जात नाही.

आधी संशयितांची यादी

मास कॉमला आम्हाला पहिल्या महिन्यात पाच डब्ल्यू आणि एक एच शिकवतात. कोण, काय, कुठे, कधी, का आणि कसं. ओलीच्या बाबतीत सगळे 'कुठे'ला चिकटून बसतात. खरा कामाचा प्रश्न आहे 'कधी'.

कारण भिंतीत पाणी यायचे मार्ग मोजून चार.

एक, प्रेशरची लाइन. म्हणजे नळाला पाणी आणणारे पाइप. टाकीची लाइन चोवीस तास भरलेली असते आणि वरची टाकी १० मीटर उंच असेल तर पाइपात साधारण १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर इतकं प्रेशर असतं. म्हणून ही लाइन गळत असेल तर ओल रात्रंदिवस वाढते, तुम्ही नळ सोडा किंवा सोडू नका.

दोन, सांडपाण्याची लाइन. सिंकचा वेस्ट पाइप, खालचा ट्रॅप, नहाणीची जाळी. यात प्रेशर नसतं. वापर झाला की गळतं, नाही तर गप्प. म्हणून सुट्टीच्या दिवशी जास्त आणि घर बंद असताना कमी.

तीन, पाऊस. बाहेरच्या भिंतीची चीर, खिडकीची कड, गच्ची. जूनमध्ये सुरू, दिवाळीपर्यंत सुकलं, तर आरोपी इथेच शोधा.

चार, चक्क हवा. बंद खोली, कपाटामागची थंड भिंत, किचनमधली वाफ. पाणी बाहेरून आत येतच नाही, हवेतलंच भिंतीवर जमतं. याची टेस्ट फुकट आहे. जेवणाच्या डब्याला लावतो त्या अॅल्युमिनियम फॉइलचा एक चौकोन चारही बाजूंनी टेपने भिंतीवर घट्ट चिकटवा आणि एक-दोन दिवस ठेवा. फॉइलच्या खोलीकडच्या बाजूला दव जमलं तर हवेचा खेळ. भिंतीकडच्या बाजूला ओलावा आला तर पाणी भिंतीतूनच येतंय.

आमचं फॉइल भिंतीकडून ओलं निघालं. बाहेर पावसाचा पत्ता नव्हता, मार्च चालू होता. राहिले दोन संशयित.

पेन्सिल नावाचं गॅजेट

आता सगळ्यात भारी फंडा, आणि तो दोन रुपयांच्या पेन्सिलीत होतो. ओलीच्या कडेने पेन्सिलने रेघ मारायची आणि बाजूला तारीख-वेळ लिहायची. काही तासांनी कड पुढे सरकली असेल तर नवी रेघ, नवी वेळ. सोबत मोबाइलवर फोटो, त्याच जागेवरून, त्याच उजेडात. नकाशातल्या उंचीच्या रेषांसारखं चित्र तयार होतं.

ही भानगड कशासाठी? तर भिंत ओली 'असणं' हा काहीच पुरावा नाही. भिजलेलं प्लास्टर गळती थांबल्यावरही कित्येक आठवडे ओलं राहतं. पुरावा आहे तो ओल 'वाढणं'.

आम्ही शनिवारपासून रेघा मारल्या. छतावरच्या तपकिरी गोलालाही एक रेघ मारली. तो गोल आठवडाभर जागचा हलला नाही. हाताला कोरडा आणि कडा सुकलेल्या चहाच्या कपासारख्या. म्हणजे कधी काळची जुनी, संपलेली केस. बेडरूमचा डाग मात्र रोज सरकत होता. काकूंचं सिंक बंद होतं, तरीही! पण गंमत पुढे आहे. तो दिवसभर सरकत नव्हता. सकाळी आठच्या सुमारास हलायला लागायचा, दुपारी बारापर्यंत बोटभर पुढे जायचा आणि मग थांबायचा. टाकीची लाइन असती तर रात्रीही वाढला असता.

मग गुरुवार आला. पुणेकरांना वेगळं सांगायला नको. दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवायचं असलं की महापालिका बहुतेकदा गुरुवारच निवडते, आणि शुक्रवारी 'उशिरा आणि कमी दाबाने'. त्या गुरुवारी कॉर्पोरेशनचं पाणी आलं नाही. आमच्या डागाने सुट्टी घेतली. शुक्रवारी पाणी उशिरा आणि बारीक आलं. डागही उशिरा हलला, अर्धं बोट.

इथे माझी ट्यूब पेटली.

दोन नळ, दोन पाणी

जुन्या पुण्यातल्या बिल्डिंगमध्ये किचनला बऱ्याचदा दोन नळ असतात. एक टाकीचा, भांडी-धुणं वगैरेसाठी. दुसरा थेट कॉर्पोरेशनचा, प्यायच्या पाण्याचा. तो सकाळी ठरावीक वेळ येतो आणि जातो. पाणी आहे तोवर पाइपात प्रेशर, पाणी गेलं की पाइप रिकामा. आमच्याकडे ते येतं सहा ते नऊ. गळालेलं पाणी प्लास्टर आणि विटांमधून झिरपत बेडरूमच्या बाजूला पोचायला दोनेक तास घेत होतं, म्हणून आठ ते बाराचा टाइम.

थोडं गणित करू या. सेकंदाला फक्त एक थेंब पडतोय असं धरा. साधारण २० थेंबांचा १ मिलिलिटर होतो. ३ तासांचे झाले १०,८०० थेंब, म्हणजे अर्ध्या लिटरहून थोडं जास्त. रोज सकाळी कुणीतरी गुपचूप अर्धी बाटली पाणी तुमच्या भिंतीत ओततंय! तोच थेंब चोवीस तास पडला तर ८६,४०० थेंब, म्हणजे दिवसाला चार लिटरच्या वर.

आणि हे पाणी किचनमध्ये का दिसलं नाही? कारण किचनच्या बाजूला टाइल्स आहेत. त्या पाणी बाहेर सोडत नाहीत. साडेचार इंची भिंत, पलीकडे नुसता पेंट. पाण्याने सोपा रस्ता धरला.

खात्री करायला डक्टमधला त्या लाइनचा कॉक शनिवार-रविवार बंद ठेवला. दोन्ही दिवस पेन्सिलची रेघ जिथल्या तिथे. काकू सुटल्या!

नकाशा काकूंच्या किचनमध्ये

पण पाइप कळला तरी गळती कुठल्या फुटात आहे ते कळायला हवं ना? नाही तर सगळी भिंत फोडा. आमच्या घरमालकांच्या आधीच्या मालकांनी किचन मॉड्युलर केलेलं, पाइप कुठून कसे गेलेत याचा कागद कुणाकडेच नाही.

तेव्हा आमचे प्लंबर काका म्हणाले, 'वरचं किचन बघू या. बिल्डिंग एकच, लाइन एकच.' आम्ही वर गेलो. काकूंचं किचन बिल्डरने दिलं तसंच आहे. कडाप्प्याचा ओटा, आणि ओट्याच्या डाव्या कोपऱ्याखाली गुडघ्याच्या वर एक पितळी नळ. 'हा पिंप भरायचा,' काकू म्हणाल्या. पूर्वी सगळ्यांच्याच घरात होता. आमच्याकडे त्या जागी आता ट्रॉली आहे. तीच, फुगलेल्या प्लायवूडची!

नळ काढला, त्या तोंडाला लोखंडी प्लग मारला आणि वरून टाइल्स बसवल्या. इतकं साधं. जीआय पाइपला आतून-बाहेरून जस्ताचा थर असतो, पण जिथे आटे पाडतात तिथे तो कापला जातो. गंज तिथूनच लागतो. वर्षानुवर्षं काहीच होत नाही, आणि मग एक दिवस थेंब सुरू होतो.

काकूंच्या ओट्यापासून नळापर्यंतचं अंतर टेपने मोजलं, खाली येऊन तेवढंच आमच्या भिंतीवर मोजलं. प्लंबर काकांनी स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने टाइल्स ठोकल्या. आजूबाजूच्या खणखणीत, दोन मात्र बद्द. मग लाइनचे सगळे नळ काढून तिथे प्लग लावले आणि हातपंप जोडला. याला प्रेशर टेस्ट म्हणतात. पाण्याने पाइप भरायचा, रोजच्या प्रेशरच्या साधारण दीडपट प्रेशर द्यायचं आणि काटा बघत बसायचं. काटा स्थिर तर पाइप ठणठणीत. आमचा काटा डोळ्यांदेखत खाली आला. जुन्या जीआय लाइनला मात्र यापेक्षा जास्त प्रेशर देऊ नका, नाही तर एक गळती शोधताना दुसरी तयार व्हायची.

दोन टाइल्स फोडल्या. आत तो प्लग, गंजून काळा झालेला. वडापावच्या किमतीची वस्तू.

मशीन मागवायचं का?

हल्ली थर्मल कॅमेरा घेऊन येणाऱ्या एजन्सीज आहेत. उपयोग होतो, पण एक लक्षात ठेवा, हा कॅमेरा भिंतीच्या आरपार बघत नाही. तो फक्त पृष्ठभागाचं तापमान दाखवतो. ओल्या जागी पाणी उडत असतं म्हणून ती थंड दिसते. गीझरची गरम लाइन गळत असेल तर चित्र सॉलिड येतं. मॉइश्चर मीटरच्या दोन पिना भिंत किती ओली ते सांगतात, पण लोणा असेल तर क्षारांमुळे आकडा फुगतो. गळतीचा आवाज ऐकायचं यंत्रही प्रेशरच्या लाइनवरच चालतं. सांडपाणी गुपचूप गळतं.

संशय वरच्या सिंकवरच असेल तर रंगाची टेस्ट करा. सिंक बूच लावून भरायचं, त्यात खायचा रंग घालायचा आणि एकदम सोडायचं. खाली रंगीत ओल आली तर केस क्लोज. पण रंग आला नाही म्हणून सिंक निर्दोष ठरत नाही, कारण प्लास्टर रंग धरून ठेवू शकतं.

विषय गंभीर आहे, हं!

ओल्या भिंतीत वायरिंगही असतं. मिक्सरचा, फ्रिजचा, वॉटर प्युरिफायरचा पॉइंट डागाच्या जवळ असेल तर तो आधी एमसीबीवरून बंद करा, मग बाकीचं डिटेक्टिव्हगिरीचं काम. भिंतीला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं वाटलं तर मेन स्विच बंद आणि इलेक्ट्रिशियनला फोन. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी घरात नसेल तर याच निमित्ताने बसवून घ्या. आणि तो ट्रिप होत असेल तर पुन्हा पुन्हा वर करू नका. तो बिचारा काहीतरी सांगतोय.

बिल कुणाचं?

भांडणाचा खरा मुद्दा हाच. महाराष्ट्रातल्या हाउसिंग सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरची सामायिक पाण्याची लाइन, ड्रेनेज लाइन आणि पावसामुळे होणारी गळती ही सोसायटीची जबाबदारी. फ्लॅटच्या आतल्या टॉयलेट, सिंक वगैरेंमुळे होणारी गळती त्या सभासदाची. म्हणजे आमच्या केसमध्ये घरमालकांची. भाडेकरू असाल तर करारातलं दुरुस्तीचं कलम वाचा आणि पहिला फुगा दिसला त्याच दिवशी फोटो मालकांना पाठवून ठेवा. डिपॉझिट परत घेताना तारीख असलेला फोटो तुमच्या बाजूने बोलतो.

आमच्या घरमालकांनी फोटो, रेघा, गुरुवार, सगळं बघितलं आणि निमूटपणे यूपीआय केलं. सेक्रेटरी काकांनी ग्रुपवर खुलासा टाकला. एका ओळीचा होता, पण टाकला. काकूंनी त्या रात्री भांडी सिंकमध्ये घासली. मला वरून आवाज आला आणि खरं सांगते, भांड्यांचा आवाज इतका छान कधीच वाटला नव्हता.

जाता जाता

– प्लंबरने गळती काढली की लगेच भिंत बंद करू देऊ नका. दोन दिवस उघडी ठेवा, पाणी चालू ठेवा, कोरडा टिश्यू लावून बघा.

– भिंत बंद करण्याआधी पाइपांचा फोटो काढा, शेजारी मेजर टेप धरून. पुढच्या माणसाला काकूंचं किचन मिळेलच असं नाही.

– किचन रिनोव्हेट करताना जुना पॉइंट नुसता प्लग मारून गाडू नका. ती फांदी मूळ लाइनपासूनच काढायला सांगा.

– घाईने पुट्टी आणि पेंट नको. भिंत पूर्ण सुकू द्या, लोणा ब्रशने झाडून काढा. नाही तर महिन्याभरात नवे फुगे.

– टाइल्स जुळत नाहीत? नका जुळवू. आमच्या पांढऱ्या भिंतीत दोन निळ्या टाइल्स आहेत आता. कुठे फोडायचं ते कायमचं माहीत झालं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. वरच्या मजल्याचं दार वाजवायच्या आधी एक आठवडा आणि एक पेन्सिल खर्च करा. भिंत सुकते, पेंट परत लागतो. पण पुराव्याशिवाय केलेला आरोप माणसांमध्ये मुरला, की तो शोधून काढायला कुठलाच प्लंबर मिळत नाही.